ध्रुवीय प्रकाशाचे वेळापत्रक : ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ या दोन प्रश्नांचा इतिहास

१/
नॉर्वेच्या उत्तर भागात ट्रॉम्सो नावाचे शहर आहे. वस्ती पाऊण लाखाच्या घरात, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. उत्तर ध्रुववृत्त या शहराच्याही साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला राहते. दर हिवाळ्यात जगभरातून माणसे इथे येतात आणि रात्रीच्या थंडीत उभी राहून आकाशाकडे पाहतात. त्यांत पुण्या-मुंबईहून वर्षभर पैसे साठवून आलेली कुटुंबेही असतात. ध्रुवीय प्रकाश, म्हणजेच अरोरा, पाहायला केव्हा जावे आणि कुठे उभे राहावे, हे दोनच प्रश्न प्रत्येकाला पडलेले असतात. उत्तर एका ओळीत मावते : सप्टेंबरअखेर ते मार्च, रात्री नऊ ते एक, शहराच्या दिव्यांपासून आणि किनाऱ्यावरच्या ढगांपासून दूर, किमान चार रात्री. हा धागा त्या एका ओळीचा इतिहास आहे. तिच्यातला एकेक शब्द ठरायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली.

२/
ग्रहणाचे तसे नसते. पन्नास वर्षांनंतरचे ग्रहण पंचांगकर्ता आज मिनिटासह सांगू शकतो, कारण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची गती गणिताला बांधलेली आहे. अरोराला पंचांग नाही. सूर्याकडून वाहत येणारे विद्युत्‌भारित कण, त्यांना वळवणारे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आणि पाहणाऱ्याच्या डोक्यावरचे ढग, या तिन्हींचा मेळ बसला तरच दर्शन घडते. म्हणून त्याचे ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ आधी सापडले ते नोंदवह्यांत. सूत्रे मागाहून आली.

३/
पहिली मोठी नोंदवही स्वीडनमधील उप्साला येथील. तापमापकामुळे ज्याचे नाव घरोघरी पोहोचले, तोच अँडर्स सेल्सियस आणि त्याचा सहकारी ओलोफ ह्योर्टर यांनी १७४१ मध्ये होकायंत्राची सुई तासातासाला वाचायला सुरुवात केली. वर्षभरात ह्योर्टरच्या नोंदी साडेसहा हजारांवर गेल्या. मार्च महिन्यातील एका रात्री आकाशात अरोरा उजळला आणि टेबलावरची सुई अस्वस्थ झाली. एप्रिलमध्ये लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅमने त्याच दिवशी तशीच अस्वस्थता नोंदवली होती, हे पत्रव्यवहारातून कळले. आकाशातील हा प्रकाश पृथ्वीच्या चुंबकत्वाशी बांधलेला आहे आणि त्याची चाहूल बंद खोलीतही लागते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आजचा प्रवासी मोबाइलवर जो आकडा पाहतो, त्याचा पूर्वज ही सुई होय.

४/
पुढचा प्रश्न होता : कोणत्या वर्षी? जर्मनीतील डेसाऊ गावचा औषधविक्रेता हाइनरिश श्वाबे १८२६ पासून रोज सूर्याचे निरीक्षण करत होता. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असावा आणि तो सूर्यबिंबावरून जाताना पकडता येईल, अशी त्याची आशा होती. ग्रह सापडला नाही. पण सतरा वर्षांच्या नोंदी मांडल्यावर सूर्यावरील डागांची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि घटते, हे त्याच्या ध्यानी आले. हा फेरा सरासरी अकरा वर्षांचा असल्याचे पुढे निश्चित झाले. पृथ्वीवरील चुंबकीय वादळांची चढउतारही त्याच तालावर चालते, हे एडवर्ड सबीनने १८५२ मध्ये दाखवले.

५/
या शोधाचा आज मात्र अनेकदा चुकीचा अर्थ लावला जातो. सूर्यडागांचा उच्चांक ओसरला की सहल रद्द करणारे पुष्कळ आहेत. उच्चांकाच्या काळात प्रचंड वादळे अधिक होतात आणि अरोरा दक्षिणेकडील देशांतही उतरतो, हे खरे. परंतु ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी तो शांत वर्षांतही दिसतो. उच्चांकानंतरच्या उतरत्या वर्षांत सूर्याच्या ठरावीक भागांतून वेगवान कणप्रवाह निघतात. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने ते साधारण २७ दिवसांनी पुन्हा पृथ्वीसमोर येतात. एखाद्या रात्री अरोरा चांगला रंगला असेल, तर २७ रात्रींनंतरची तारीख वहीत लिहून ठेवणे शहाणपणाचे.

६/
१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचे चित्र काढत असताना त्यांच्या मधोमध एक पांढरी झळाळी उमटली आणि काही मिनिटांत विझली. एक दिवसही उलटला नव्हता, तोच पृथ्वीचे चुंबकक्षेत्र हादरले. कॅरिबियन बेटांवरही अरोरा दिसला, तारायंत्रे बिघडली. त्या वादळाची एक अमोल नोंद मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या कुलाबा वेधशाळेत चुंबकमापनाचे काम नियमाने चालत असे. वादळ लागताच तिथल्या निरीक्षकांनी तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. क्षितिजसमांतर चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलेले त्यांनी टिपले. ही घट मूळ क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास होते.

७/
त्या निरीक्षकांनी आकाशात काय पाहिले, यापेक्षा त्यांनी वहीत काय लिहिले याला आज मोल आहे. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ती वाचने पुन्हा अभ्यासली आणि १८५९ चे वादळ किती भयंकर होते, याचा अंदाज त्यांवरून बांधला. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईच्या आकाशातही अरोरा दिसल्याची नोंद झाली. अर्थात दीड शतकात एखाद्या वेळी घडणाऱ्या गोष्टीवर कोणी सहलीचा बेत आखत नाही. ‘केव्हा’चे उत्तर कुलाब्यात मिळू शकते, ‘कुठे’साठी उत्तरेलाच जावे लागते.

८/
पण उत्तरेला किती? जितके ध्रुवाजवळ जावे तितका अरोरा अधिक, ही समजूत स्वाभाविक आणि चुकीची. अमेरिकी प्राध्यापक एलायस लूमिसने १८५९ च्या वादळाची वर्णने गोळा केली, जुन्या नोंदी त्यांना जोडल्या आणि १८६० मध्ये एक नकाशा छापला. अरोरा सर्वाधिक दिसतो तो ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात, हे त्यातून स्पष्ट झाले. कडे ओलांडून आणखी उत्तरेला गेले की त्याचे प्रमाण घटते. हर्मन फ्रिट्झने १८८१ मध्ये अशाच नोंदींवरून अधिक बारकाईचे नकाशे काढले.

९/
हे कडे भौगोलिक ध्रुवाभोवती नाही, भूचुंबकीय ध्रुवाभोवती आहे. आणि तो ध्रुव उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे. त्यामुळे कॅनडातील यलोनाइफ ६२ अंशांवर असूनही कड्याखाली येते, अलास्कातील फेअरबँक्स ६५ अंशांच्या आसपास, तर नॉर्वेत त्यासाठी ६७ ते ७० अंशांपर्यंत चढावे लागते. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह फेल्डस्टाइनने आणखी एक दुरुस्ती केली : हे कडे गोल नाही, लंबवर्तुळासारखे आहे आणि रात्रीच्या बाजूला दक्षिणेकडे अधिक उतरते. उपग्रहांनी पुढे वरून छायाचित्रे काढली तेव्हा तेच दिसले. ट्रॉम्सो या कड्याखाली येते, आणि विमानतळ असलेले, पायी हिंडता येईल असे शहरही आहे. तिथली गर्दी या दोन गोष्टींच्या योगाने झालेली आहे.

१०/
नकाशाइतकीच उंचीही महत्त्वाची. नॉर्वेचा गणिती कार्ल स्टर्मर १९१० मध्ये बोसेकोप येथे गेला. दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी अरोराची छायाचित्रे घेऊन त्याने त्रिकोणमितीने उंची काढली. खालची कडा जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर भरते. प्रवाशासाठी या आकड्यातून दोन गोष्टी निघतात. एक, इतक्या उंचीवरचा प्रकाश हजारेक किलोमीटर दुरूनही क्षितिजालगत दिसू शकतो, म्हणून नेमका त्याच्या खाली उभे राहण्याचा अट्टहास नको. दुसरी अधिक कठोर आहे. पाऊस आणि बर्फ आणणारे ढग दहाबारा किलोमीटरच्या आतच असतात. अरोरा नेहमी त्यांच्या वर. ढग आला की वर कितीही उत्सव चालू असो, खाली काळोखच.

११/
आता एक निरीक्षण असे, जे इतिहास वाचणाऱ्यालाच सुचावे. १८३८-३९ च्या हिवाळ्यात ‘ला रशेर्श’ या फ्रेंच मोहिमेने अरोराच्या अभ्यासासाठी मुक्काम केला तो आल्टाजवळच्या बोसेकोपला. १८८२-८३ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात नॉर्वेचे निरीक्षण केंद्र बोसेकोपलाच होते. १८९२ मध्ये मार्टिन ब्रेन्डेलने अरोराचे पहिले छायाचित्र टिपले, तेही तिथेच. आणि स्टर्मरही तिथेच आला. सगळे एकाच गावी का? हे गाव लांब खाडीच्या आतल्या टोकाला, डोंगरांच्या आडोशाला आहे. समुद्राचा दमट वारा तिथे पोहोचेपर्यंत रिता होतो. सह्याद्रीमुळे घाटमाथ्यापलीकडे पर्जन्यछाया पडते, त्याच न्यायाने इथे आकाश मोकळे राहते.

१२/
बोसेकोपजवळच, ९०४ मीटर उंचीच्या हाल्डे पर्वतावर, क्रिस्तियान बिर्केलांड या भौतिकशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दगडी वेधशाळा बांधवली. सूर्याकडून येणारे विद्युत्‌कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि वातावरणावर आदळून प्रकाश निर्माण करतात, असे त्याचे म्हणणे होते. निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्याने छोटे कृत्रिम अरोरे निर्माणही केले. पण ते आकाशात पडताळायचे तर ऐन हिवाळ्यात डोंगरमाथ्यावर राहणे भाग होते.

१३/
त्या पडताळणीची किंमत माणसांनी दिली. बिर्केलांडच्या सुरुवातीच्या मोहिमांत ब्यॉर्न हेलांड-हान्सेन हा वैद्यकीचा तरुण विद्यार्थी होता. हिमदंशाने त्याच्या हातांची बोटे गेली आणि शल्यविशारद होण्याचा मार्ग संपला. पुढे तो नॉर्वेचा ख्यातनाम समुद्रशास्त्रज्ञ झाला. १८९९-१९०० च्या मुक्कामात एलिसार बोये हा सहकारी हिमस्खलनात दगावला. आज सहलीच्या पत्रकावर ‘उबदार पोशाख आमच्याकडून’ असे छापलेले असते. त्या तीन शब्दांमागे असा एक डोंगर उभा आहे.

१४/
१९१२ पासून हाल्डेवर कायम वस्ती झाली. ओले क्रोग्नेस आणि ओलाफ डेविक हे शास्त्रज्ञ बायकामुलांसह त्या माथ्यावर राहिले. अरोरा पाहायला बसलेल्या या माणसांना रोज हवामानाशी झुंजावे लागत होते, आणि खाली किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या वादळात सापडत होत्या. मग त्यांनी वादळाच्या पूर्वसूचना देण्याचे काम हाती घेतले. १९१८ मध्ये ट्रॉम्सो येथे भूभौतिकी संस्था स्थापन झाली आणि उत्तर नॉर्वेच्या हवामान अंदाजाचे काम तिथून चालू लागले. अरोरा कधी उजळेल आणि ढग कधी हटतील, हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने एकाच माणसांच्या टेबलावर आले होते. आजही ट्रॉम्सोतील अनुभवी वाटाड्या संध्याकाळी आधी ढगांचा नकाशा पाहतो, मग चुंबकीय आकडा.

१५/
त्या नकाशावरून रस्ता ठरतो. ट्रॉम्सो बेटावर वसलेले, किनाऱ्याजवळचे शहर. समुद्री ढगांचा पहिला मारा त्याच्यावर. वर्षातला सर्वाधिक पाऊसही तिथे ऑक्टोबरातच, म्हणजे हंगामाच्या तोंडावर पडतो. ढग दाटले की गाड्या आग्नेयेकडे वळतात. लिंगेनच्या डोंगररांगेपलीकडील शिबोत्न इथे, आणखी पुढे गेल्यास फिनलंडच्या सीमेपलीकडे किल्पिसयार्वी इथे. हाच आडोशाचा न्याय. ट्रॉम्सोच्या विद्यापीठानेही आकाशनिरीक्षणाचे केंद्र शिबोत्नलाच काढले आहे. जागा निवडताना सुंदर छायाचित्रे पाहण्याआधी वेधशाळा कुठे बांधल्या गेल्या ते पाहावे. त्या बांधणाऱ्यांनी अनेक हिवाळे मोजून जागा निवडलेली असते.

१६/
महिन्याचे कोडे जुन्या नोंदींत दडले होते. २० मेपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ट्रॉम्सोत सूर्य मावळतच नाही आणि त्याच्या आगेमागेही रात्र पुरती काळोखी होत नाही, म्हणून उन्हाळा बाद. पण चुंबकीय वादळे वसंत आणि शरद संपाताच्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास अधिक होतात, असे नोंदींचे म्हणणे होते. ते का, याचे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण क्रिस्टोफर रसेल आणि रॉबर्ट मॅकफेरन यांनी १९७३ मध्ये दिले. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातील चुंबकक्षेत्र दक्षिणमुखी असले की पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचे दार उघडते. संपाताच्या दिवसांत पृथ्वीचा कल त्याला अनुकूल असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्र मोठी मिळते. मार्चमध्ये रात्र पुरेशी, वादळांची शक्यता जास्त आणि दिवसा उजेडही मिळतो.

१७/
‘रात्री नऊ ते एक’ हे शब्द जपानी शास्त्रज्ञ स्युन-इची आकासोफू याच्या कामाने अर्थपूर्ण झाले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात उत्तरेकडे ठिकठिकाणी सबंध आकाश टिपणारे कॅमेरे बसवले गेले होते. ती चित्रे जुळवून त्याने १९६४ मध्ये अरोराचा क्रम मांडला : आधी शांत, मंद कमान, मग मध्यरात्रीच्या सुमारास तिचा एकाएकी भडका, लाटा, आकाशभर नाच, आणि हळूहळू ओसरणे. सगळे मिळून दोनतीन तास. त्यामुळे फिकट पट्टा पाहून ‘एवढेच का?’ म्हणत हॉटेलात परतणारा प्रवासी पुष्कळदा प्रस्तावना वाचून ग्रंथ मिटत असतो.

१८/
आता तो मोबाइलवरचा आकडा. जर्मन शास्त्रज्ञ युलियस बार्टेल्सने १९३९ मध्ये सहकाऱ्यांसह तीन तासांच्या चुंबकीय हालचालीसाठी ० ते ९ अशी मोजपट्टी मांडली. १९४९ पासून तिचे जागतिक रूप ‘केपी’ म्हणून रूढ झाले. आकडा मोठा तितके अरोराचे कडे दक्षिणेकडे पसरते. ऑस्लोत किंवा एडिंबरात उभ्या असलेल्याला मोठा आकडा लागतो. ट्रॉम्सोत केपी २ किंवा ३ पुष्कळ झाला, कारण तिथला माणूस कड्याखालीच उभा असतो. ‘आज केपी फक्त २’ म्हणून खोलीत बसणे, हा या सहलीतला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे.

१९/
अगदी शेवटच्या घटकेची सूचना आकाशातून येते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, काही याने सौरवाऱ्याचा वेग आणि त्यातील चुंबकक्षेत्राची दिशा मोजत असतात. भारताचे आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी त्याच परिसरातील आपल्या कक्षेत स्थिरावले. तिथे मोजलेला वारा पृथ्वीवर पोहोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे खात्रीची पूर्वसूचना मिळते ती एवढ्याच वेळाची. बूट चढवून शहराबाहेर पडायला ती पुरते, मुंबईहून विमान पकडायला नाही.

२०/
‘शहरापासून दूर’ या शब्दांना मुंबईच्या इतिहासात एक जुळा प्रसंग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्राम येणार, हे ठरले. त्यांच्या विद्युत्‌प्रवाहाने कुलाब्याची संवेदनशील चुंबकीय यंत्रे बिथरली असती. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून काही काळ दोन्हीकडे मोजणी चालली. दिव्यांनी झाकोळलेले आकाश असो की ट्रामने बिथरलेली सुई, शहर वाढले की निरीक्षकाने बाजूला व्हायचे, हा नियम दोन्हीकडे सारखा. अलिबागची नोंद आजही चालू आहे.

२१/
राहिले शब्द ‘किमान चार रात्री’. ते साध्या गणिताचे आहेत. समजा, एखाद्या रात्री आकाश मोकळे मिळण्याची आणि अरोरा दिसण्याची एकत्रित शक्यता शेकडा ४० आहे. एकच रात्र हाती असेल तर निराशेचीच शक्यता अधिक. दोन रात्रींत किमान एकदा दर्शनाची शक्यता ६४, तीन रात्रींत ७८, चार रात्रींत ८७. ढग अनेकदा सलग काही दिवस मुक्काम ठोकतात, त्यामुळे प्रत्यक्षात हिशोब इतका उदार नसतो. म्हणून पाचवी रात्र जोडता आली तर जोडावी. डोळ्यांविषयीही अपेक्षा माफक असावी. मंद अरोरा कॅमेऱ्यात हिरवा येतो, पण डोळ्यांना राखाडी धुक्यासारखा भासतो. तेजस्वी असला तरच रंग उघड्या डोळ्यांना दिसतात. काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे द्यावीत आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवावा.

२२/
इतके करूनही आकाश उघडलेच नाही तर? १८८२-८३ च्या हिवाळ्यात सोफुस ट्रॉमहोल्ट हा डॅनिश शिक्षक बोसेकोपहून आत, काऊतोकेइनो या सामी लोकांच्या गावी, अरोराचे छायाचित्र घेण्याची उमेद बाळगून राहिला होता. त्या काळच्या काचा इतका मंद प्रकाश पकडू शकल्या नाहीत. अरोराचा एकही फोटो त्याच्या हाती लागला नाही. तोच कॅमेरा त्याने गावातील माणसांकडे वळवला. सामी लोकांना केवळ ‘नमुने’ म्हणून टिपण्याची तेव्हा रीत होती. त्याने त्यांची स्वतंत्र व्यक्तिचित्रे घेतली आणि प्रत्येकाचे नाव लिहून ठेवले. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याचा हा संग्रह जागतिक स्मृतिठेव्यात नोंदवला. ट्रॉम्सोला जाणाऱ्याने ढगाळ रात्रीच्या दुसऱ्या दिवशी काय करावे, याचा विचारही बेत आखतानाच करून ठेवावा.